गठ्ठ्याची नोंद आहे, माणसाची नाही

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखादी तरी जयपुरी चादर असेलच. पांढऱ्या जमिनीवर बारीक फुलांची बुट्टी, कडेला वेलीची किनार. पाहुणे आले की तीच चादर पेटीतून निघते. माझ्याही घरी आहे. ती कुठे छापली, कोणी छापली, हा विचार मी कधी केला नव्हता. संघटनेच्या कामासाठी जयपूरला जाणे झाले, मीटिंग एक दिवस आधी आटोपली आणि हाती एक मोकळा दिवस आला. तेथील पार्सल ऑफिसमधल्या एका साथीने विचारले, "साहेब, आमेरचा किल्ला बघायचा की सांगानेर?" त्याचा मेहुणा सांगानेरला कापडाच्या छपाईच्या गोदामात गठ्ठे बांधतो. मी म्हटले, किल्ले आपल्याकडे पुष्कळ आहेत, सांगानेरच बघू.

मुंबईहून जयपूर सुपरफास्टने जाणाऱ्यांना सवाई माधोपूर सोडल्यावर जयपूरच्या थोडे अगोदर सांगानेर स्टेशन लागते. जयपूरचा विमानतळही सांगानेरलाच आहे. छिपा समाजाचे लोक येथे पिढ्यान् पिढ्या सागवानी आणि शिसवी ठशांनी कापड छापत आले. तिकडे अजमेर रस्त्यावर बगरू हे दुसरे गाव. तेथे मातीचा लेप देऊन, हरड्याच्या पिवळट जमिनीवर लाल आणि काळे छापतात. दोन्ही गावांच्या छपाईला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे 'सांगानेरी' हे नाव दुसऱ्या कोणी वापरले तर कायदा आडवा येतो. नावाचे संरक्षण झाले. छापणाऱ्याचे काय, ते पुढे सांगतो.

हाताच्या ठशाचे काम अजून आहे, पण बाजारात जो माल भरभरून जातो तो बराचसा स्क्रीनचा. मी जे गोदाम पाहिले तेही स्क्रीनचेच. खाली छपाई आणि वर माल.

खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांबच लांब टेबले. टेबलावर कापड ताणून पिनांनी ठोकलेले. जाळी बसवलेली लाकडी चौकट दोन बाजूंनी दोघांनी धरायची, रंग ओतायचा, रबराची पट्टी एकाने ढकलायची, दुसऱ्याने ओढायची, चौकट उचलायची, पुढच्या खुणेवर ठेवायची. टेबल संपेपर्यंत हेच. चार रंगांची चादर असेल तर चार फेऱ्या. खूण सुताएवढी चुकली तर फूल एकीकडे आणि त्याचा रंग दुसरीकडे. रंग पक्का करण्यासाठी काही कापडाला सोडियम सिलिकेटचा लेप देऊन ते रातभर ठेवतात व दुसऱ्या दिवशी धुतात. धुणाऱ्या माणसाने मला हात दाखवले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली होती. हातमोजे आहेत का, म्हणून विचारले. तो म्हणाला, आहेत, पण घातले की कापड हातातून निसटते आणि माल कमी निघतो. मजुरी नगावर, त्यामुळे मोजे खुंटीला.

वरच्या मजल्यावर गोदाम. तेथे छापलेला माल तपासणे, धागे कापणे, घडी घालणे, पिशवीत भरणे, मोजणे, गठ्ठा बांधून बारदान शिवणे आणि वर शाईने मार्का मारणे. धागे कापायला बायका आहेत, त्यांना नगावर पैसे. तपासणीचा माणूस उजेडात चादर धरतो, डाग दिसला की खडूची खूण करून बाजूला टाकतो. त्या चादरीची मजुरी खाली छापणाऱ्याच्या हिशोबातून जाते. डाग छपाईत पडला की धुण्यात की वर उचलताना, याची चौकशी नाही. आपल्याकडे साधा मेमो द्यायचा तरी उत्तराला मुदत असते. येथे खडूची खूण हीच चार्जशीट आणि हीच शिक्षा.

एक फर्रुखाबादकडचा कारागीर भेटला. चाळिशीचा असेल, टेबलावर वीस वर्षे काढलेली. पावसाळ्यात कापड वाळत नाही, काम बंद, मजुरी बंद. सणाला गावी गेला की परत आल्यावर त्याच टेबलावर जागा मिळेलच असे नाही. मी संघटनेचा माणूस, सवयीने विचारले, "हजेरीपटावर नाव आहे का?" तो हसला. ठेकेदाराच्या वहीत आहे म्हणाला. कोणते नाव? तर 'चार नंबर टेबल'.

परत निघताना तो मेहुणा मला त्याने बांधलेला गठ्ठा दाखवत होता. गठ्ठ्यावर नंबर, वजन, नगांची संख्या, पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव. तो आपल्या पार्सल ऑफिसात आला की त्याचे वे-बिल होणार, तो पोस्टाने गेला तर त्यावर बारकोड लागणार आणि कुठे पोचला ते घरबसल्या दिसणार. किंमत ५०,००० रुपयांवर असेल तर २०१८ पासून जी.एस.टी.चे ई-वे बिल लागते. हरवला तर तक्रार, चौकशी, भरपाई. गठ्ठ्याची एवढी नोंद! आणि तो ज्यांनी छापला, धुतला, तपासला, शिवला त्यांच्यापैकी एकाचेही नाव सरकारदरबारी मालकाच्या नावाशेजारी लिहिलेले नाही. साथींनो, मला आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळे तिच्यातून निघते.

डोकी मोजणारा कायदा

मी शेडमधून बाहेर पडताना डोकी मोजली. खाली सतरा, वर चौदा. दारावर मात्र दोन पाट्या, दोन वेगवेगळ्या फर्मच्या. जिना एक, मीटर दोन. मालक सभ्य माणूस होता, चहा पाजला. त्याने काही लपवले नाही. म्हणाला, कायद्यातच असे आहे, सगळे असेच करतात.

त्याचे म्हणणे खोटे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि वीज नसलेल्या ठिकाणी २० कामगार असले की कारखाना समजत. २०१४ साली राजस्थान सरकारने ही संख्या दुप्पट केली, २० आणि ४०. त्याच वेळी ठेका कामगार कायद्याची मर्यादा २० वरून ५० वर नेली आणि कारखाना बंद करताना सरकारची परवानगी लागण्यासाठी १०० ऐवजी ३०० कामगारांची अट घातली. आपण म्हटले, ते राजस्थानचे. पण वर्षभरात आपल्या महाराष्ट्राने फॅक्टरी कायद्यात तीच २० आणि ४० ची दुरुस्ती केली. २०२० साली संसदेने केलेल्या श्रमसंहितांमध्ये ह्याच संख्या आल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या देशभर लागू झाल्या. छिपा कारागीर आधी नक्षीची रेघ छापतो, मग रंग भरतो. जयपूरला २०१४ साली रेघ मारली गेली होती. ती कशाची आहे हे वेळीच ओळखायला आपण कमी पडलो.

कारखाना नाही म्हणजे काय नाही, ते नीट समजून घ्या. कारखाना नाही म्हणून फॅक्टरी इन्स्पेक्टर नाही. वीस डोकी नाहीत म्हणून प्रॉव्हिडंट फंड नाही. ई.एस.आय.ची मर्यादा १० ची आहे, तिथे कागदावर नऊच माणसे दाखवली की काम भागते. किमान वेतनाला मात्र डोक्यांची अट कधी नव्हती आणि नव्या वेतन संहितेतही नाही. एका मजुरालाही ते मिळाले पाहिजे. पण मागायला गेला तर अधिकारी पहिला प्रश्न विचारणार, तू तेथे काम करतोस याचा पुरावा काय? 'चार नंबर टेबल' हा पुरावा होत नाही.

रंगाचेच उदाहरण घ्या. काही ॲझो रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदी घातली. मग आपला निर्यातीचा माल अडायला लागला आणि १९९७ साली आपल्या सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली. चांगलेच झाले. पण बघा, बोभाटा झाला तो परदेशी गिऱ्हाइकाच्या कातडीसाठी. त्याच रंगात रोज दहा-बारा तास हात घालून उभा राहणारा माणूस त्या चर्चेत दुय्यम. सांगानेरच्या सांडपाण्याचेही तसेच. नाल्यात रंगीत पाणी सोडल्याबद्दल वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले, सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहिले. पाणी स्वच्छ झालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रदूषणापायी युनिटला सील लागले तर मालकाचे मशीन पंचनाम्यात लिहिले जाते. त्या दिवसापासून ज्याची चूल बंद झाली त्याचे नाव कोणत्या कागदात शोधायचे?

वडिलांचे कार्ड

कोणी म्हणेल, सेक्रेटरीसाहेब, नाव लिहून पोट भरते का? मी माझ्या घरचा दाखला देतो. माझे वडील रेल्वेच्या प्रोजेक्टवर कॅज्युअल मजूर होते. आज या कामाला, उद्या घरी. पत्र्याच्या पेटीत त्यांचे कॅज्युअल लेबर कार्ड असे, त्यावर किती दिवस काम केले त्याच्या नोंदी आणि सह्या. वडिलांना वाचता येत नव्हते, पण पावसात घर गळायला लागले की ते आधी ती पेटी हलवत. १९८५ साली इंदरपाल यादव प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, प्रोजेक्टवरच्या कॅज्युअल मजुरांना कायम करण्याची योजना आली आणि त्या कार्डावरचे दिवस मोजून वडील रेल्वेत लागले. मी मॅट्रिक झालो तो त्या कार्डामुळे. पोस्टातल्या साथींनाही आठवत असेल, डाक-तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या बाजूने १९८७ साली सुप्रीम कोर्टानेच निकाल दिला. दोन्ही ठिकाणी संघटना लढल्या, वकील लढले, पण कोर्टापुढे ठेवायला दिवसांची नोंद होती म्हणून लढता आले.

आणि नोंद नसली की काय होते तेही आपण पाहिले आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये १ मे रोजी, कामगारदिनीच, श्रमिक स्पेशल सुरू झाल्या. पहिल्या जाहीर झालेल्या सहा गाड्यांत दोन आपल्या नाशिकहून होत्या आणि एक जयपूरहून पाटण्याला. आपल्याच ड्रायव्हर-गार्डांनी त्या चालवल्या. ८ मेच्या पहाटे जालना-औरंगाबादच्या दरम्यान रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ती गाडी चालवणाराही आपलाच साथी, त्याच्या मनावर काय गुदरले असेल ते आपण जाणतो. पुढे सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न आला की घरी जाताना किती स्थलांतरित मजूर दगावले? सरकारचे उत्तर होते, अशी माहिती उपलब्ध नाही. जिवंतपणी ज्याची नोंद नाही, मेल्यावर त्याची कुठून असणार?

आता ई-श्रम पोर्टल आहे. ऑगस्ट २०२१ पासून त्यावर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे चढली. काम मोठे आहे, त्याला नावे ठेवणार नाही. सांगानेरच्या त्या कारागिराकडेही ते कार्ड होते, पाकिटातून काढून दाखवले. पण त्या कार्डावर कामगाराचे नाव आहे, मालकाचे नाही. ज्या वहीत फक्त एका बाजूचे नाव लिहिलेले असते तिला हिशोब म्हणत नाहीत. कोणी कोणाचे देणे लागतो, हे तिच्यातून निघत नाही.

आपल्याच घरातला तोडगा

या दुखण्यावरचा उपाय महाराष्ट्राने १९६९ सालीच काढला आहे. मुंबईच्या बाजारांत हमालाचा मालक कोण, हे सांगता येत नसे. सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत चालवली आणि माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने डोकी मोजली नाहीत. मंडळ नेमले, मंडळात कामगाराचीही नोंद आणि मालकाचीही नोंद. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी बघायचे. मालक दहा असोत की शंभर, कामगाराची वही एकच. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले हे मान्य आहे, त्यांना तुरुंगात घाला. चोर शिरला म्हणून कोणी घर मोडत नाही.

राजस्थानला ही कल्पना परकी नाही. २०२३ साली त्याच जयपूरच्या विधानसभेने मोबाइल ॲपवरून माल पोचवणाऱ्या व गाडी चालवणाऱ्या गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. त्यात कामगाराची नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क अशी तरतूद आहे. माल पोचवणाऱ्यासाठी हे सुचले, मग तोच माल छापणाऱ्या, बांधणाऱ्यासाठी का नको? सांगानेर-बगरूच्या छपाईसाठी असे मंडळ झाले, दर गठ्ठ्यामागे थोडी लेव्ही बसली तर ती वसूल कशी करायची याचाही प्रश्न नाही. ई-वे बिलाने सरकार गठ्ठे मोजतेच आहे. गठ्ठा मोजणाऱ्या संगणकाला माणूस मोजता येत नाही, असे कोणी सांगू नये.

मालकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. त्या शेडवाल्याचा बाप स्वतः टेबलावर उभा राहिलेला. वरचा व्यापारी भाव पाडतो, मोठी कंपनी सहा-सहा महिने पैसे देत नाही, आणि बोजा मात्र आमच्यावर, असे तो म्हणाला. यात तथ्य आहे. म्हणूनच लेव्ही शेडवर नको, गठ्ठ्यावर हवी. म्हणजे ती चादरीच्या भावात जाईल आणि आपण गिऱ्हाईक ती भरू. कामगारांतही काही जण म्हणतात की फंड कापला तर हातात कमी येईल. माझ्या वडिलांच्या बरोबरीचेही असेच म्हणत. म्हातारपणी त्यांना त्याची किंमत कळली.

आपण काय करायचे

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपल्या अंगणात बघू. लीजवर दिलेल्या पार्सलच्या जागेत माल चढवणारी पोरे कोणाची आहेत? मेल ऑफिसमध्ये पिशव्या ओढणारी ठेक्याची माणसे किती आहेत? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? आपण त्यांना 'ठेक्याचा माणूस' म्हणतो. सांगानेरच्या वहीतल्या 'चार नंबर टेबल'पेक्षा हे काय वेगळे झाले? हे लिहिताना मलाही वाईट वाटते, कारण मीही तसेच म्हणत आलो.

माझ्या सूचना थोड्या आणि करता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या आवारातील ठेका कामगारांची यादी करावी आणि प्रशासनाकडे त्यांचे हजेरी व पगाराचे रजिस्टर मागावे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. दुसरी, जयपूरच्या रेल्वे व पोस्टाच्या शाखांनी आठवड्यातून एक संध्याकाळ सांगानेरला बसावे. कारागिरांना सांगावे की घरी स्वतःची वही ठेवा, तारीख, टेबल, छापलेले नग, ठेकेदाराचे नाव, मिळालेले पैसे रोज लिहा. लिहिता येत नसेल त्याचे आपण लिहू. तिसरी, सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एकच कामगार असला तरी त्याला ई.एस.आय. लागू होते. रासायनिक रंगांची छपाई आणि धुलाई त्यात घालावी असा ठराव फेडरेशनने करावा. आणि छपाई मंडळाची मागणी राजस्थान सरकारपुढे नेण्यासाठी तेथील सर्व संघटनांना, झेंडा कोणताही असो, एकत्र बोलवावे.

हे होणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी अजमेर-मारवाड लाइनवरच्या ब्यावर गावाची आठवण ठेवावी. १९९६ साली त्या गावात खेड्यापाड्यांतले मजूर, शेतकरी ४० दिवस धरणे धरून बसले होते. त्यांची मागणी एवढीच की आमच्या गावच्या कामांचे हजेरीपट आणि बिले आम्हाला दाखवा. लोकांनी धान्य दिले, भाजी दिली, बाजारातल्या दुकानदारांनी पाठिंबा दिला. २००५ साली देशाला माहितीचा अधिकार मिळाला तो अशा धरण्यांतून. हजेरीपट दाखवा, या साध्या मागणीत केवढी ताकद असते ते राजस्थानच्या मजुरांनीच देशाला शिकवले आहे. सांगानेरच्या मजुराची मागणी त्याच्याही एक पायरी अलीकडची आहे. तो म्हणतो, आधी हजेरीपट तर ठेवा.

घरी आलो तेव्हा पलंगावर तीच जयपुरी चादर होती. उलटीसुलटी करून पाहिली. एका कोपऱ्यात धुण्याने पुसट झालेली खडूची खूण दिसली. सौ. म्हणाली, डागाची होती म्हणून स्वस्तात मिळाली होती. ती स्वस्ताई कोणाच्या हिशोबातून निघाली, ते आता मला ठाऊक आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!